पॅराशूट ब्रिगेड चालत आली : मुक्तीच्या एका पुस्तिकेतील लष्करी शब्दांचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर गोव्याच्या खाण पट्ट्यातल्या एका गावात जुनं मराठी वाचनालय आहे. गोवा मुक्तीला साठ वर्षं पूर्ण होत होती. १९ डिसेंबर २०२१ रोजी गावकऱ्यांच्या आणि शाळकरी मुलांच्या हाती १९६१च्या लष्करी कारवाईची हकिकत सांगणारी छोटी पुस्तिका द्यायची, असं समितीनं ठरवलं. सत्याग्रह, आग्वादचा तुरुंग, भूमिगत चळवळ यांवरची पुस्तकं कपाटात होतीच. पण १७ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून १९ तारखेला रात्री साडेआठ वाजता गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हा यांनी शरणागती पत्करेपर्यंत सैन्य कुठून आलं, काय घेऊन आलं, कुठे अडलं, हे नववीतल्या मुलाला समजेल असं त्या कपाटात काही नव्हतं.

लिहायचं काम गावातल्याच एका निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी घेतलं. गाव त्यांना मेजरसाहेब म्हणतं. ते स्वतः १९६१नंतर फौजेत गेले, पण या मोहिमेचा त्यांचा अभ्यास पक्का. वाचनालयाच्या कार्यवाह निवृत्त शिक्षिका आहेत, त्या सगळ्यांच्या बाई. छापण्याआधी भाषा तपासायचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे पुढचा सगळा प्रवास जवळून पाहता आला. माणसांची आणि गावाची ओळख इथे मुद्दाम दिलेली नाही.

हस्तलिखिताची सुरुवात अशी होती : ‘१७ इन्फन्ट्री डिव्हिजनचा मेन थ्रस्ट पूर्वेकडून होता. ५० पॅराशूट ब्रिगेडला उत्तरेकडून सबसिडियरी रोल होता, पण तिच्या तीन कॉलमनी वेगवेगळ्या ॲक्सिसवर झपाट्यानं ॲडव्हान्स करून इनिशिएटिव्ह घेतला.’

यातली माहिती अचूक आहे. मेजर जनरल कँडेथ यांची १७वी डिव्हिजन ही मुख्य फौज होती, ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ब्रिगेडकडे दुय्यम काम होतं, आणि तरीही पणजीत आधी पोचली ती हीच ब्रिगेड. युद्धाच्या इतिहासातली ही खरोखर वाचनीय गोष्ट आहे. पण ती त्या दोन वाक्यांत अडकून बसली होती.

अडचण

समितीनं एक गोष्ट फार चांगली केली. हस्तलिखित थेट छापखान्यात न पाठवता वाचनालयात लोकांना वाचायला दिलं. नववीची काही मुलं, दोन-तीन गृहिणी, बोटीवरून निवृत्त झालेला एक तारवटी आणि १९६१ पाहिलेली काही वयस्कर मंडळी होती. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि पुढे जायचं, कोणाला विचारायचं नाही, एवढाच नियम.

‘ॲक्सिस’, ‘थ्रस्ट’, ‘सॉर्टी’ यांच्याखाली रेघा येणार हे ठाऊकच होतं. खरी चिंता निघाली ती रेघ न मारलेल्या शब्दांतून. वाचून झाल्यावर बाईंनी एकेकाला ‘काय समजलं ते सांग’ म्हटलं, तेव्हा ओळखीच्या शब्दांनी किती गोंधळ घातला होता ते कळलं. ‘एक कंपनी पुलापाशी थांबली’ हे वाक्य वाचून खाणीवर आयुष्य काढलेल्या एका काकांनी विचारलं, ‘कंपनी म्हळ्यार मायनाची?’ या भागात कंपनी म्हणजे खनिज काढणारी, दुसरी नाहीच; फौजेतली कंपनी म्हणजे शंभरेक जवानांची तुकडी. ‘हवालदार’ म्हटल्यावर मुलांनी पोलीस डोळ्यांपुढे आणला. फौजेतला हवालदार म्हणजे शिपायांच्या छोट्या गटाचा अनुभवी प्रमुख, ही त्यांना नवीन गोष्ट होती. ‘कॅव्हलरी’ म्हणजे घोडदळ हे एका हुशार मुलीला माहीत होतं, म्हणून तिच्या कल्पनेतल्या गोव्यात घोडे दौडत आले. ‘कॅप्टन’ हा शब्द भूदलात कनिष्ठ अधिकाऱ्याला आणि नौदलात कर्नलच्या तोडीच्या अधिकाऱ्याला लागतो. पुस्तिकेत दोन्ही कॅप्टन एकाच पानावर होते. आणि ‘ऑपरेशन विजय’ म्हटल्यावर अर्ध्याअधिक मुलांनी कारगिल सांगितलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, १९९९च्या कारवाईचं नावही तेच आहे.

सगळ्यात मोलाचा प्रश्न एका आजींचा होता. १९६१ साली त्या आठ वर्षांच्या होत्या. ‘पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून गोव्यात उतरली’ हे वाक्य त्यांनी नातवाकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आभाळातून उतरले? मी सैनिक बघितले ते रस्त्यानं चालत येताना. खांद्यावर बंदुका, पाय धुळीनं भरलेले.’ मेजरसाहेब चटकन म्हणाले, ‘आजी, तुमचंच बरोबर आहे. कोणी उडी मारली नव्हती.’ ब्रिगेडच्या नावात पॅराशूट होतं, तिचे जवान उडीचं प्रशिक्षण घेतलेले होते, पण या मोहिमेत ते सीमा ओलांडून जमिनीवरूनच आले. फौजी वाचकाला हे सांगावं लागत नाही. सामान्य वाचकाला सांगितलं नाही, तर तो आजींनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीच्या अगदी उलट चित्र मनात घेऊन घरी जातो.

समोरचे पर्याय

बैठकीत पहिली सूचना आली ती सगळ्या शब्दांना शुद्ध मराठी प्रतिशब्द द्यायची. समितीतल्या एका सदस्यांनी कोश उघडून यादीच केली. मला या मार्गाविषयी आदर आहे. राज्यव्यवहारकोश घडवणाऱ्यांची ही भाषा आहे, ती शब्द घडवायला कमी पडत नाही. पण इथे तो मार्ग अडचणीचा होता. कॅव्हलरीला घोडदळ म्हटलं की त्या मुलीचे घोडे कायमचे राहणार. आग्वादला लढताना मारले गेलेले मेजर शिवदेव सिंग सिधू हे सातव्या लाइट कॅव्हलरीचे. ती १९६१ साली रणगाड्यांची तुकडी होती, नाव फक्त घोड्यांच्या काळापासून चालत आलेलं. शिवाय कोशातले अनेक प्रतिशब्द वाचकाला मूळ शब्दाइतकेच परके. एक न कळणारा शब्द काढून दुसरा न कळणारा शब्द ठेवण्यात कोणाचं भलं होणार होतं?

दुसरी सूचना मेजरसाहेबांची. मजकूर आहे तसा ठेवावा आणि शेवटी शब्दसूची जोडावी. अचूकता टिकते, काम लवकर आटपतं. बाईंचा याला ठाम विरोध होता. चाळीस वर्षं शिकवताना मागची सूची उघडून पाहणारं मूल क्वचितच दिसलं, असं त्या म्हणाल्या. आणि ‘कंपनी’चा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असं ज्याला वाटतं, तो सूचीत तो शब्द शोधायला जाईलच कशाला?

तिसरी सूचना लष्करी तपशील गाळून नुसती गोष्ट सांगायची. ‘आपलं सैन्य आलं, पूल ओलांडले, पणजी घेतली.’ यावर मेजरसाहेब पहिल्यांदा दुखावलेले दिसले. ‘मग ही पुस्तिका लिहायचीच कशाला, बाई? सैन्य आलं हे तर सगळ्यांना माहीत आहे.’ त्यांचं म्हणणं मला पटलं. तीन वाटांनी येणं, पुलांपाशी खोळंबणं, दुय्यम फौजेनं आघाडी घेणं, हे तपशील हाच या पुस्तिकेचा जीव होता.

शेवटी ठरलं ते बाईंच्या प्रश्नावरून. त्यांनी विचारलं, ‘हा शब्द या पानावर काय काम करतो?’ हीच कसोटी प्रत्येक शब्दाला लावायची. काही काम करत नसेल तर काढायचा. करत असेल तर तो तिथेच, त्याच वाक्यात, ओळखीच्या रस्त्यावर आणि आकड्यांत उलगडायचा. आणि ज्या शब्दाचा अर्थ सैल झाला तर घटनाच बदलते, त्याला सोपं करायच्या नावाखाली हात लावायचा नाही.

काय केलं

पहिल्या गटात निम्म्याहून जास्त शब्द गेले. ‘ॲक्सिस’ची वाट झाली, ‘ॲडव्हान्स’चं पुढे सरकणं झालं, ‘थ्रस्ट’ आणि ‘इनिशिएटिव्ह’ निघून गेले. सेक्शन, प्लाटून आणि कंपनी हे तिन्ही शब्द पुस्तिकेतून काढले आणि तिथे थेट माणसांची संख्या घातली. उरले तीन : पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन. यातला ‘पलटण’ मेजरसाहेबांनीच सुचवला. पायदळात बटालियनला जवान रोजच्या बोलण्यात पलटणच म्हणतात. मात्र पलटण म्हणजे साधारण आठशे जण आणि प्लाटून म्हणजे तीस-पस्तीस. हे दोन शब्द उच्चारात इतके जवळचे, की टंकलेखकानं दोन ठिकाणी त्यांची अदलाबदल केली होती. प्लाटून काढून टाकल्यावर तो धोकाही गेला. ब्रिगेड म्हणजे सुमारे तीन हजार आणि डिव्हिजन म्हणजे पंधरा हजारांच्या वर, हे त्या त्या शब्दाच्या पहिल्या उल्लेखातच सांगितलं.

सुरुवातीचा परिच्छेद मग असा झाला : ‘मुख्य फौज पूर्वेकडून, घाट उतरून येणार होती. उत्तरेकडून येणाऱ्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडकडे मदतीचं काम होतं. तीन हजारांच्या या ब्रिगेडच्या नावात पॅराशूट असलं, तरी या मोहिमेत कोणी विमानातून उडी मारली नाही. तिच्या तीन तुकड्या तीन वाटांनी आल्या. एक उसगावमार्गे फोंड्याकडे, दुसरी बाणस्तारीच्या बाजूनं, तिसरी रणगाड्यांसह थिवीवरून बेतीकडे. १८ तारखेच्या संध्याकाळी बेतीला पोचलेल्यांना मांडवीपलीकडे पणजी दिसत होती.’ शब्द वाढले, पण पुन्हा वाचायला दिल्यावर एकही रेघ आली नाही. थिवी, बेती, बाणस्तारी ही नावं आली की गोव्याचा वाचक स्वतःच नकाशा आखतो. बेतीच्या फेरीबोटीतून त्यानं मांडवी कितीदा तरी ओलांडलेली असते.

सर्वांत अवघड निर्णय एका वेगळ्याच शब्दावर घ्यावा लागला. पोर्तुगीजांच्या संरक्षण योजनेला इंग्रजी पुस्तकांत ‘बराज प्लॅन’ म्हणतात. इंग्रजी लष्करी भाषेत बराज म्हणजे तोफांचा सलग मारा. त्यामुळे हस्तलिखितात ‘तोफांच्या भडिमाराची योजना’ असं आलं होतं, आणि वाचताना कोणालाच काही खटकलं नाही. खटकलं ते लायसियमपर्यंत, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेपर्यंत, पोर्तुगीजमधून शिकलेल्या एका आजोबांना. ते म्हणाले, मूळ नाव ‘प्लानो द बार्राजेंस’ असणार, आणि बार्राजें म्हणजे बांध, अडथळा, पाणी अडवतं तेही बार्राजेंच. मग मेजरसाहेबांनी योजनेचा तपशील पुन्हा काढला. पूल उडवायचे, रस्त्यांवर आणि किनाऱ्यांवर सुरुंग पेरायचे, येणाऱ्या फौजेला जमेल तितकं रोखून धरायचं, अशी ती योजना होती. सुरुंग पुरेसे नव्हते म्हणून ती पुरती अमलात आलीच नाही, पण डिचोली, अस्नोडा इथले पूल १८ तारखेच्या पहाटे उडाले. ‘भडिमार’ छापला गेला असता तर उडालेल्या पुलांचं कारणच वाचकाला मिळालं नसतं. ‘अडथळ्यांची योजना’ असा शब्द ठरला आणि गावातल्या म्हाताऱ्यांना आठवणारा तुटलेला पूल त्या योजनेत नेमका बसला.

हात लावायचा नाही अशा शब्दांवर जास्त वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. ‘कॅज्युअल्टी’ या शब्दात मेलेले आणि जखमी दोन्ही येतात. भारतीय बाजूचे म्हणून सहसा दिले जाणारे आकडे २२ मृत्यू आणि ५४ जखमी असे आहेत. हस्तलिखितात मात्र ‘७६ कॅज्युअल्टीज’ होतं. एका मुलानं त्यावरून शाळेतल्या फळ्यावर ‘७६ शहीद’ लिहिलंसुद्धा. पुस्तिकेत दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिले आणि बेरीज दिलीच नाही. ‘युद्धबंदी’ची अडचण मराठी वाचकाची स्वतःचीच आहे. आपण युद्धबंदी म्हणजे लढाई थांबवणं समजतो, हिंदीत तोच शब्द युद्धात पकडलेल्या सैनिकाला लावतात. ‘तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धबंदी’ हे वाक्य हिंदी वर्तमानपत्रातून जसंच्या तसं आलेलं होतं. तिथे ‘युद्धकैदी’ केलं, कारण युद्धकैद्याला जिनिव्हा करारानं हक्क दिलेले असतात आणि तो ओलीस किंवा गुन्हेगार नसतो. १९ तारखेला झाली ती शरणागती. तिला शस्त्रसंधी म्हणायचं नाही, हेही ठरलं.

आणि मग ‘न्यूट्रलाइज’. बारा कॅनबेरा विमानांनी १८ तारखेला सकाळी दाबोळीवर बाँब टाकून धावपट्टी न्यूट्रलाइज केली, असं एका पानावर. त्याच रात्री दाबोळीवरून दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं उडून कराचीकडे निसटली, असं पुढच्या पानावर. मुलांनी विचारलं, धावपट्टी निकामी झाली तर विमानं उडाली कशी? प्रश्न रास्त होता, आणि उत्तर त्या शब्दानं झाकून टाकलं होतं. धावपट्टीवर खड्डे पडले होते, उरलेल्या भागावरून अंधारात ती विमानं उडाली. मेजरसाहेबांनी तो परिच्छेद स्वतः नव्यानं लिहिला. पुस्तिकेतला सर्वांत चांगला परिच्छेद तोच झाला, असं माझं मत आहे. सामान्य वाचकासाठी शब्द उलगडताना अधिकाऱ्यालाही आपल्या माहितीतली फट दिसली. लष्करी अहवालातली अशी क्रियापदं परिणाम सांगतात असं वाटतं, पण बहुतेकदा ती फक्त हेतू सांगत असतात.

नौदलाचं पान शेवटी घाईत आटपलं. मुरगावच्या तोंडाशी आयएनएस बेतवा, बिआस आणि कावेरी यांची गाठ ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेशी पडली. तिला कुठे फ्रिगेट, कुठे स्लूप, कुठे अव्हिसो म्हटलेलं असल्यानं वाचकांना तीन जहाजं वाटत होती. सगळीकडे ‘युद्धनौका’ केलं. ‘४.५ इंची तोफ’ म्हणजे साडेचार इंच लांबीची, असं मुलांना वाटलं होतं, म्हणून तो आकडा नळीच्या तोंडाच्या रुंदीचा आहे हे लिहिलं आणि दोन्ही बाजूंचे आकडे मिलिमीटरमध्ये आणले : भारतीय ११४, पोर्तुगीज १२०. एका मापात आल्यावर तोफांच्या तोंडात फार फरक नव्हता हे दिसलं. फरक होता तो वयात. पोर्तुगीज नौका १९३०च्या दशकातली, बेतवा आणि बिआस नौदलात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

काय निष्पन्न झालं

पुस्तिका वेळेवर निघाली आणि १९ डिसेंबरच्या कार्यक्रमात वाटली गेली. शाळेतल्या शिक्षकांनी तिच्यातले परिच्छेद इतिहासाच्या तासाला वाचून घेतले. त्या आजींच्या नातवानं पॅराशूटचा परिच्छेद कार्यक्रमात वाचला, आणि आजींनी आपण पाहिलेली फौज कोणती ते पहिल्यांदाच नावानिशी सांगितलं.

एक तक्रार मात्र गंभीर होती, आणि ती आली ती जाणकारांकडून. उसगावमार्गे फोंड्याला गेलेल्या पलटणीचं पूर्ण नाव २ पॅरा (मराठा). सोपेपणासाठी पुस्तिकेत तिला दोन ठिकाणी नुसतं ‘मराठा पलटण’ म्हटलं होतं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी मेजरसाहेबांना फोन केला. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच, पण १९६१च्या बरीच आधी ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली होती. गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव या पट्ट्यात घराघरात फौजी आहेत. पलटणीचं नाव ही त्यांच्या अभिमानाची आणि नेमकेपणाची बाब आहे. ते नाव हात न लावायच्या गटात असायला हवं होतं, असं सुभेदारांचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

मेजरसाहेबांना अजूनही वाटतं की ‘इनिशिएटिव्ह’ जायला नको होता. दुय्यम काम मिळालेल्या ब्रिगेडनं संधी ओळखून मुसंडी मारली, यातला निर्णयाचा भाग नव्या परिच्छेदात फिका पडला आहे. तो शब्द ठेवावा असं मला वाटत नाही, पण सगत सिंगांनी काय ठरवलं आणि का, यासाठी तिथे आणखी चार ओळी द्यायला हव्यात.

वेगळं काय करता येईल

असं काम हाती घेणाऱ्यांनी वाचनाची बैठक हस्तलिखित पूर्ण होण्याआधीच, पहिल्या प्रकरणावर घ्यावी. इथे ती शेवटी झाली, त्यामुळे लेखकाला बरंच पुन्हा लिहावं लागलं आणि नौदलाच्या पानाला वेळ उरला नाही. त्या बैठकीत निवृत्त जवानही हवेत. अधिकाऱ्याची आणि सुभेदाराची नजर वेगवेगळ्या शब्दांवर थांबते. गोव्याच्या विषयात पोर्तुगीज जाणणारी व्यक्ती सुरुवातीपासून जोडून घ्यावी. ‘बार्राजें’ योगायोगानं सापडला, आणि ती भाषा शिकलेली पिढी आता थकत चालली आहे. नकाशा शेवटी जोडण्यापेक्षा आधी काढावा. तीन वाटा कागदावर आल्या की ‘ॲक्सिस’सारखे शब्द लिहायची वेळच येत नाही.

दुसऱ्या आवृत्तीचं काम सुरू आहे. ‘मराठा पलटण’ हे दोन्ही उल्लेख पूर्ण नावानं बदलले आहेत आणि प्रत्येक ‘ऑपरेशन विजय’पुढे साल घातलं आहे. नौदलाचं पान त्या तारवट्याकडे आणि त्याच्या एका जहाजी मित्राकडे दिलं आहे. अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण मारले गेले, तो भाग पहिल्या आवृत्तीत दोन ओळींत उरकला होता. ‘लँडिंग पार्टी’ म्हणजे जहाजावरचेच नौसैनिक लहान होड्यांतून गोळीबारात किनाऱ्याला लागतात ते कसं, हे त्या दोघांनी आधी मेजरसाहेबांना समजावून द्यायचं आणि मग बाईंनी मुलांना वाचायला द्यायचं, असं ठरलं आहे.